कोकम सरबताचा लाल रंग विटतोय? आधी बाटली कुठे ठेवलीय ते बघा

मे महिन्यात भरलेलं अमृत कोकम, म्हणजे कोकम सरबताचा घट्ट साखरपाक, गणपतीपर्यंत विटकरी होतं, दिवाळीला तर चहासारखं दिसायला लागतं, चव मात्र ठीक असते. ही तक्रार मी इतक्या जणींकडून ऐकलीय आणि इतक्यांच्या बाटल्या हातात घेऊन बघितल्यात की आता बाटली बघितल्याबरोबर निम्मं उत्तर कळतं. आमच्या घरी कुडाळकडे दरवर्षी रातांब्यांचं म्हणजे कोकमाच्या ताज्या फळांचं काम असतं, आमच्या गटातल्या बायकाही करतात, आणि सुरुवातीला हाच त्रास आम्हालाही झालाय. पुण्यातल्या एका दुकानातून चोवीस बाटल्यांचा बॉक्स परत आला होता, 'माल जुना दिलात' म्हणून. माल जुना नव्हता, दोन महिन्यांचा होता. त्या दिवसापासून मी या रंगाच्या मागे लागले ते आजतागायत, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतेय.

आधी लक्षणं बघा, कारण रंग जातो तो एकाच तऱ्हेने जात नाही.

बाटलीची एकच बाजू फिकट झालीय, दुसरी अजून लाल आहे, किंवा लेबलच्या मागचा पट्टा गडद राहिलाय आणि बाकी विटलंय, तर तो उजेडाचा मार आहे. पाक घट्ट असतो, बाटली हलवली नाही तर आतलं सहज मिसळत नाही, म्हणून हा फरक दिसतो. लेबल सोलून बघायचं, मी नेहमी तेच करते.

फक्त वरचा गळ्याजवळचा दोन बोटं भाग तपकिरी असेल तर हवा. सगळी बाटली सारखीच तपकिरी झालीय आणि वासाला किंचित करपल्या साखरेसारखं वाटतंय तर उष्णता. भरल्यापासून दोन-चार दिवसांतच रंग एकदम फिका गुलाबी झाला तर काहीतरी घातलंय त्याचा परिणाम, बहुतेक वेळा प्रिझर्वेटिव्ह. रंग काळपट किंवा मळकट जांभळा झाला तर भांडं, मीठ किंवा पाणी यापैकी एक. आणि फेस येतोय, झाकण फुगलंय, दारूसारखा वास येतोय, बुरशीची साय दिसतेय तर हा रंगाचा प्रश्नच नाही, ते आंबलंय, ती बाटली टाकून द्यायची आणि पुढचं वाचायची गरज नाही.

कोकमाचा लाल रंग म्हणजे अँथोसायनिन. जांभूळ, डाळिंब, काळी द्राक्षं, लाल कोबी या सगळ्यांत हाच घराण्याचा रंग असतो. हा रंग आंबटात लाल दिसतो, आंबटपणा कमी झाला की आधी फिका होतो, आणि आणखी कमी झाला की जांभळा-निळा. उजेड, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन हे तिघं त्याचे वैरी, आणि तिघं एकत्र आले की एकेकट्यापेक्षा कितीतरी जास्त नुकसान करतात. एवढं डोक्यात ठेवलं की पुढच्या तपासण्या का करायच्या ते आपोआप कळेल.

पहिली तपासणी, फुकटची: बाटली दिवसभर कुठे असते

खिडकीत? ओट्यावर? स्टॉलवर उन्हात रचून? दुकानाच्या पुढच्या शोकेसमध्ये? लोकांना वाटतं काच आहे ना मध्ये, मग ऊन कुठे लागतंय. पण खिडकीची काच अतिनील किरणांचा फक्त काही भाग अडवते, बाकीचे आत येतात, आणि मुख्य म्हणजे आपल्याला दिसणारा साधा उजेड जवळजवळ पूर्ण आत येतो. कोकम लाल दिसतं कारण त्यातला रंग उजेडातला हिरवा भाग शोषून घेतो. म्हणजे ज्या साध्या उजेडात आपण त्याचं कौतुक करतो त्याच उजेडाची ऊर्जा तो रंग पोटात घेत असतो आणि हळूहळू मोडत असतो. म्हणून ट्यूबलाईटही सुटत नाही. काचेच्या दाराचे जे फ्रीज दुकानात असतात, आत दिवसरात्र दिवा, तिथे थंडावा असतो म्हणून बराच वेळ टिकतं पण दिव्याला लागून असलेली रांग आधी विटते हे मी स्वतः पाहिलंय.

आमच्या त्या परत आलेल्या बाटल्या मी टेबलावर ओळीने मांडल्या होत्या. चोवीसपैकी आठ बाटल्यांची पुढची बाजू विटकरी आणि मागची लाल, बाकीच्या जवळजवळ ठीक. आठ म्हणजे पुढची रांग. दुकानदाराने पुढच्या रांगेत दाखवायला म्हणून ठेवल्या होत्या, पश्चिमेकडचं दुकान, दुपारनंतर सरळ ऊन. त्याला मी फोन करून सांगितलं की दादा, दाखवायला एकच बाटली पुढे ठेवा, ती दर पंधरा दिवसांनी बदला, बाकी कपाटात ठेवा. त्यानंतर त्या दुकानातून एकही बाटली परत आलेली नाही. रुपया खर्च झाला नाही यात.

दुसरी: दोन कप आणि चिमूटभर लिंबूफूल

रंग मोडलाय की फक्त लपलाय हे कळायला. एक चमचा सरबत पाच चमचे पाण्यात, असे दोन पांढरे कप करायचे. पाणी फिल्टरचं घ्या. एका कपात चिमूटभर लिंबूफूल म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, दुसरा तसाच. अर्धा तास थांबा, लगेच बघून निर्णय करू नका कारण रंग परत यायला वेळ लागतो.

लिंबूफुलाच्या कपात लाली स्पष्ट वाढली तर तुमचा रंग अजून जिवंत आहे, आंबटपणा कमी पडलाय. हे जास्त करून कधी होतं, तर कुणी पाक वाढवायला साखरपाणी जास्त घालतं तेव्हा, किंवा गिऱ्हाईक बोअरच्या जड पाण्यात सरबत करतं तेव्हा. मराठवाड्यातून एक ताई म्हणाल्या होत्या की तुमचं कोकम ग्लासात जांभळट दिसतं, त्यांना मी फक्त फिल्टरच्या पाण्यात करून बघायला सांगितलं, लाल झालं. बाटलीचा दोषच नव्हता.

लिंबूफूल घालूनही तसाच विटकरी राहिला तर रंग मोडलाय, तो परत येणार नाही. कुठल्याही औषधी वनस्पतीने, कशानेही येणार नाही. हे मी मुद्दाम इथेच सांगते कारण बऱ्याच जणी विटलेल्या मालात तुळशीचा काढा, ग्रीन टी वगैरे घालून बघतात. अँटिऑक्सिडंट राखण करतो, मेलेल्याला उठवत नाही.

तिसरी: फॉइलची परीक्षा

हीच सगळ्यात महत्त्वाची आणि हीच कुणी करत नाही कारण पंधरा दिवस थांबावं लागतं. एकाच घाण्याच्या, म्हणजे एकाच वेळी केलेल्या मालाच्या, तीन सारख्या बाटल्या घ्या. एक उघडी खिडकीत. दुसरी त्याच खिडकीत तिच्या शेजारीच पण स्वयंपाकाच्या फॉइलमध्ये पूर्ण गुंडाळून, तळ आणि झाकणसुद्धा. तिसरी आतल्या अंधाऱ्या गार कपाटात.

पंधरा दिवसांनी तिन्हींचं वरच्यासारखं कपात पातळ करून पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवा. पातळ करायचंच, घट्ट पाक बाटलीतून बघून फरक कळत नाही. फॉइलवाली कपाटातल्यासारखीच लाल आणि फक्त उघडी विटली, तर दोष उजेडाचा. उघडी आणि फॉइलवाली दोन्ही सारख्या विटल्या, तर दोष उष्णतेचा, आणि मग ब्राऊन बाटलीवर पैसे घालवून काही होणार नाही, ठेवायची जागा थंड करावी लागेल. ढोबळमानाने दहा अंश तापमान वाढलं की असला बिघाड दुपटीच्या आसपास वेगाने होतो, त्यामुळे पत्र्याच्या शेडमधली खोली आणि कौलारू घरातली आतली खोली यात जमीनअस्मानाचा फरक पडतो. आणि तिन्ही सारख्याच विटल्या, कपाटातलीसुद्धा, तर दोष बाटलीच्या आत आहे, म्हणजे काहीतरी घातलंय, भांडं चुकलंय किंवा हवा राहिलीय.

आमच्याकडे बहुतेक वेळा उजेड आणि उष्णता दोन्ही थोडे थोडे निघतात, पण कोण किती ते कळलं की पैसे कुठे घालायचे ते कळतं.

चौथी: गळ्यातली रिकामी जागा आणि झाकण

बाटली गळ्यापर्यंत भरा, बोटभरापेक्षा जास्त मोकळं ठेवू नका. उजेड रंगाच्या रेणूला चेतवतो आणि शेजारी ऑक्सिजन असला की तो लगेच डाव साधतो, म्हणून हवा कमी म्हणजे उजेडाचा मारही कमी. पातळ प्लास्टिकच्या बाटलीतून थोडा थोडा ऑक्सिजन आत झिरपत राहतो, काचेतून नाही. झाकण लोखंडी असेल आणि आतलं अस्तर खरवडलं असेल तर कोकमाचं अ‍ॅसिड गंज सोडवतं, तो लोह पाकात उतरतो. झाकण उलटं करून नुसतं बघायचं, दोन सेकंदांचं काम.

पाचवी: तुम्ही आत काय घातलंय

इथे जरा वेळ घेते कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच आहे, आणि चांगल्या हेतूने केलेला घोळ आहे.

लिंबाचा रस आणि आवळा. 'व्हिटॅमिन सी अँटिऑक्सिडंट असतं, रंग टिकतो' असं कुठेतरी वाचून बायका कोकमात लिंबू पिळतात. व्हिटॅमिन सी अँटिऑक्सिडंट असतं हे बरोबर. पण अँथोसायनिनच्या बाबतीत ते उलटतं. हवा असेल तिथे व्हिटॅमिन सी स्वतः झिजताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, तेच जे केस ब्लीच करायला वापरतात, आणि ते रंग मोडतं. शिवाय व्हिटॅमिन सी थेट रंगाशी जोडूनही दोघांचा नाश करतं. बीटाच्या रसाला व्हिटॅमिन सी चालतं, तिथे मदतच होते, पण बीटाचा लाल रंग वेगळा, तो बीटालेन, अँथोसायनिन नाहीच. बीटाला चालतं ते कोकमाला चालेल असं धरून चाललं की फसतो. आंबटपणा हवा असेल तर लिंबूफूल घाला, त्यात व्हिटॅमिन सी नसतं.

दुसरं म्हणजे सोडियम बेंझोएट हे प्रिझर्वेटिव्ह घातलेल्या मालात व्हिटॅमिन सी घालूच नये, उजेडात आणि उष्णतेत त्या दोघांपासून बेंझीन अगदी थोडं का होईना तयार होऊ शकतं आणि ते शरीराला घातक आहे. म्हणजे रंगाचं सोडाच, या एकाच कारणाने लिंबू आणि आवळा बाहेर.

केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट हे प्रिझर्वेटिव्ह. ट्रेनिंगमध्ये आंब्याच्या, लिंबाच्या स्क्वॅशला हे घालायला शिकवतात आणि मग सवयीने कोकमातही पडतं. यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि तो अँथोसायनिनचा रंग उडवतो. भरल्यापासून दोन-चार दिवसांत फिका गुलाबी झालेला माल म्हणजे नव्वद टक्के वेळा मला हेच सापडतं. खात्री करायची तर वाटीभर सरबतात थोडं लिंबूफूल घालून उघडं गरम करा, गंधकाचा वास निघून जाईल आणि थोडी लाली परत येईल. जांभूळ, डाळिंब, कोकम असल्या गडद रंगाच्या सरबताला प्रिझर्वेटिव्ह घालायचंच तर सोडियम बेंझोएट, तेही नियमात दिलेल्या मर्यादेतच, डोळ्यांच्या अंदाजाने नाही.

काळं मीठ, पादेलोण. त्यात लोहाचे क्षार असतात आणि गंधकही. चवीला छान लागतं पण बाटलीत घालू नका, ग्लासात घालायला सांगा. जिऱ्याची पूड चालते, फक्त ती तळाला बसते तो गाळ बघून लोक घाबरतात, तो बिघाड नव्हे.

सहावी: भांडं

अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं, पितळी, तांब्याचं, कल्हई गेलेलं काहीही, लोखंडी सुरी, लोखंडी झारा, सगळं बंद. रातांब्याचं अ‍ॅसिड सांडलं तर फरशीलाही डाग पडतो, भांड्याचं काय घेऊन बसलात. स्टील, काच, चिनीमाती आणि खाण्याच्या दर्जाचं प्लास्टिक एवढंच. हे बहुतेकांना माहीत असतं पण घाईत कुणीतरी अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात गाळून ठेवतं आणि मळकट झालं की कारण सापडत नाही.

सातवी: बरणी

आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते.

अमृत कोकम करायची आपली पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे, पिकलेले लालबुंद रातांबे धुवायचे, पुसायचे, फोडून बिया काढायच्या, सालीच्या वाट्यात साखर भरायची, साधारण सालीच्या दुप्पट, बरणीत थर लावायचे, तोंडाला दादरा बांधायचा आणि आठवडाभर उन्हात ठेवायची. माझ्या सासूबाई हेच सांगायच्या, 'उन्हात ठेव गो, पाक आपसूक सुटतलो.' आणि त्यांचं सरबत वर्षभर लाल राहायचं. मी अगदी तसंच केलं आणि माझं विटायचं. दोन वर्षं मला कळेना.

एक दिवस माळ्यावरून त्यांची बरणी काढली तेव्हा कळलं. चिनीमातीची, वर तपकिरी खाली पांढरी, बोटभर जाड. माझी बरणी पारदर्शक, पेट प्लास्टिकची. त्यांच्या बरणीत उन्हाची ऊब जायची, उजेड जायचा नाही. माझ्यात दोन्ही जायचं, सात दिवस, मे महिन्याचं ऊन, तेही साल ताजी असताना आणि बरणीत हवा भरलेली असताना. म्हणजे बाटलीत भरण्याआधीच रंगाचा मोठा हिस्सा मी उन्हाला देऊन बसले होते, पुढे दुकानाच्या शोकेसने फक्त उरलेलं खाल्लं. पद्धत जुनीच होती, बरणी बदलली होती आणि ते कुणाच्या लक्षातच आलं नाही.

म्हणून चिनीमातीची बरणी असेल तर ती वापरा. नसेल तर पारदर्शक बरणीला काळं किंवा जाड कापड दुहेरी गुंडाळा, गोणपाट नको त्यातून उजेड येतो. त्याहून बरं म्हणजे ऊन पूर्ण सोडा आणि सावलीतच ठेवा, दिवसातून दोनदा स्टीलच्या किंवा लाकडी डावाने खालीवर करा. दोन-तीन दिवस जास्त लागतील पण पाक सुटतो, साखर ओढून काढते, उन्हाची सक्ती नाही. पाऊस जवळ आला की सगळ्यांची घाई होते हे मला ठाऊक आहे, जूनच्या पहिल्या सरी पडल्या की झाडाखालची निम्मी फळं जातात, पण घाई फळ काढायची करा, पाक सोडवायची नको.

आमसुलं उन्हातच वाळवायची, तिथे हा नियम लावू नका, सोलं काळपट व्हायलाच हवीत आणि ओल राहिली तर बुरशी येते.

आठवी: बाटली आणि खोका

आता पैसे लागणार. ब्राऊन काचेची बाटली अतिनील आणि निळा उजेड बऱ्यापैकी अडवते, हिरवी त्यापेक्षा कमी, पांढरी म्हणजे पारदर्शक जवळजवळ काहीच नाही. पण कोकमाचा रंग हिरवा उजेडही शोषतो आणि तो ब्राऊन काचेतून थोडा जातोच, म्हणून ब्राऊन बाटली म्हणजे पूर्ण कवच नाही. शिवाय गिऱ्हाइकाला लाल रंग दिसत नाही म्हणून दुकानदार नाक मुरडतात. आम्ही शेवटी पांढरी काच ठेवली, लेबल मोठं केलं, बाटलीच्या तीन बाजू झाकेल एवढं, आणि प्रत्येक बाटलीला साधा पुठ्ठ्याचा खोका. खोका सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात पक्का, पुठ्ठ्यातून उजेड जातच नाही.

नववी: तुळस, पुदिना, ग्रीन टी, रोझमेरी

इथपर्यंतचं सगळं करून झालं असेल तरच. उजेड न अडवता नुसता काढा घातला तर पंधरा दिवसांचं नुकसान तीन आठवड्यांवर जाईल, एवढंच. माझ्या खिडकीतल्या बाटल्यांनी मला हेच दाखवलंय, तुळसवाली उघडी बाटली नुसत्या उघडीपेक्षा आठवडाभर उशिरा विटली, पण फॉइलवालीच्या जवळपासही आली नाही. फॉइल आणि तुळस दोन्ही असलेली सगळ्यात छान राहिली.

या वनस्पती काम दोन तऱ्हेने करतात. एक, उजेड आणि हवेमुळे जे उपद्रवी कण तयार होतात त्यांचा पहिला घाव स्वतःवर घेतात, आणि त्यात स्वतः झिजून जातात, म्हणून त्यांचं बळ कायम पुरत नाही. दोन, त्यातले काही घटक अँथोसायनिनच्या चपट्या रेणूला चिकटून बसतात, त्यामुळे पाणी त्याच्यापर्यंत पोचायला अडचण होते आणि रंग उलट थोडा गडद दिसतो. या दुसऱ्या कामात रोझमरिनिक अ‍ॅसिड चांगलं, आणि ते नाव रोझमेरीवरून पडलं असलं तरी आपल्या तुळशीत आणि पुदिन्यातही असतं. मग परदेशी पावडर कशाला आणायची, अंगणात वृंदावन आहे.

माझी रीत अशी. पाच लिटर सरबताला सावलीत वाळवलेली तुळशीची पानं 25 ग्रॅम. 300 मिली पाण्यात झाकण ठेवून मंद आचेवर पाव तास, मग गाळून घट्ट पिळायचं, साधारण 150 मिली काढा मिळतो. आता हा काढा तसाच ओतू नका, इथेच बायका चुकतात. पाणी घातलं की साखरेचं प्रमाण खाली येतं आणि बुरशीला वाट मिळते. 150 मिली काढ्यात 300 ग्रॅम साखर विरघळवा, म्हणजे काढ्याचाच पाक होतो, थोडं लिंबूफूल घाला, पूर्ण गार होऊ द्या आणि मग सरबतात मिसळा. चवीला तुळस अगदी मागून येते, काहींना आवडते. कृष्ण तुळस उग्र लागते म्हणून मी हिरवी घेते. पुदिना याच मापाने, पण मग ते पुदिना कोकमच म्हणून विका कारण चव लपत नाही.

ग्रीन टी कमी घ्या, तुरट होतं, आणि कुठे लोह लागलं असेल तर टॅनिनमुळे काळं पडतं, जुन्या काळी हिरड्याची शाई करायचे तसंच. हिरडा आणि डाळिंबाच्या साली कापडाच्या रंगाला ठीक, सरबतात नको, चव जाते आणि हिरडा पोटाला ढाळक आहे. रोझमेरीचा अर्क विकत घेतलात तर तो पाण्यात विरघळणारा आहे का ते विचारून घ्या, बाजारात जास्त करून तेलासाठीचा मिळतो, तो पाकावर तवंग धरून बसतो आणि काही काम करत नाही. हळद नको, उजेडात ती कोकमाच्याही आधी उडते.

जे घालाल ते पहिल्यांदा दोन बाटल्यांतच, फॉइलची परीक्षा पुन्हा लावून. आणि विकत असाल तर लेबलवर घटकांत लिहायचं. तुळस घातली तर तुळस लिहा. लाल सिंथेटिक रंग घालून प्रश्न मिटवायचा सल्लाही तुम्हाला कुणीतरी देईल, माझं ऐकाल तर तो देऊ नका कुणाला आणि घेऊ नका, कोकमाच्या नावावर माणूस कोकमाचाच रंग विकत घेतो. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, त्या नावाने विकताना तर नकोच.

कुठे थांबायचं

पीएचच्या म्हणजे आंबटपणा मोजायच्या पट्ट्या आणि साखरेचं प्रमाण दाखवणारा, हातात धरायचा ब्रिक्समीटर इथवर घरी ठीक आहे. पीएच तीनच्या खाली हवा (आकडा कमी म्हणजे आंबटपणा जास्त), ब्रिक्स 65 च्या वर. पट्टी तीनच्या वर दाखवत असेल आणि लिंबूफूल घालूनही परत वर जात असेल, ब्रिक्स 65 च्या खाली असेल आणि माल विकायचा असेल, किंवा कपाटात ठेवलेली, हवा नसलेली, काही न घातलेली बाटलीसुद्धा महिन्याभरात विटत असेल, तर तिथे थांबा. घरी आणखी काही घालून बघू नका. हे अन्न तंत्रज्ञाचं काम आहे. तापवायचं किती आणि किती वेळ, गार किती लवकर करायचं, बेंझोएट नक्की किती आहे, धातू उतरलाय का, हे डोळ्यांनी कळत नाही, प्रयोगशाळेत मोजावं लागतं. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात कोकमावर बरंच काम झालंय, कोकण अमृता ही जातही त्यांचीच, तिथे किंवा तुमच्या जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात एक बंद बाटली, घाण्याची तारीख आणि तुम्ही काय काय किती घातलं त्याची वही घेऊन जा. वही नसेल तर त्यांनाही अंदाजच करावा लागतो. टिकाऊपणाचे महिने लेबलवर लिहायचे असतील तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबचा रिपोर्ट घ्या, शेजारणीच्या बाटलीवरचा आकडा उतरवू नका.

आणि कुणी पिऊन आजारी पडलं असं कळलं तर रंग, तुळस, बरणी सगळं बाजूला ठेवायचं, त्या घाण्याच्या सगळ्या बाटल्या परत मागवायच्या आणि डॉक्टरांना काय प्यायलं ते सांगायचं.

आधीच विटलेल्या बाटल्यांचं काय, हे हमखास विचारतात. आंबलेलं नसेल, वास चांगला असेल तर ते खराब नाही, घरात आमटीला, साराला, माशाच्या कढीला गूळ कमी करून वापरा. पण नवीन घाण्यात ढकलू नका. जुन्या तपकिरी पाकात साखर मोडून तयार झालेले घटक असतात आणि ते ताज्या रंगालाही लवकर खातात. आमच्या एका वर्षीच्या चांगल्या पंधरा लिटरमध्ये मागच्या वर्षीचं दोन लिटर गेलं होतं, त्या घाण्याची बाटली कपाटातसुद्धा टिकली नाही.